ब्रह्मदेशाचे खांब, अथंगुडीची फरशी

मैत्रिणींनो, दक्षिणेची सहल म्हटली की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. मदुरेची मीनाक्षी, रामेश्वरचं स्नान, कन्याकुमारीचा सूर्योदय, आणि परतताना कांजीवरम् घ्यायची की सुंगुडी यावर दुकानात तासभर खल! या ठरलेल्या वाटेपासून फारशी वाकडी वाट न करता, मदुरै आणि तिरुचिरापल्ली या दोन्ही शहरांपासून साधारण नव्वद किलोमीटरवर, कारैकुडी नावाचं गाव लागतं. सहलीच्या बहुतेक बसगाड्या तिथे थांबत नाहीत. तुम्ही मात्र दोन दिवस काढून थांबा. कशासाठी म्हणाल, तर लोकांची घरं बघण्यासाठी.

"घरं काय बघायची? घरात तर रोजच असतो," असं आमच्याकडेही निघताना ऐकवण्यात आलं होतं. पण ज्या बाईच्या हातून रोज घर आवरलं जातं तिलाच घर बघण्यातली मजा कळते, नाही का?

हल्ली गृहसजावटीत एक नवी टूम निघाली आहे. पूर्वी सगळं 'सेट'मध्ये असायचं. सोफ्याचा सेट, त्याला जुळणारे पडदे, पडद्यांना जुळणाऱ्या उशा. आता म्हणतात, सगळं जुळणारं नकोच. आजीचं पितळी घंगाळ, राजस्थानी सतरंजी, आधुनिक दिवा आणि जुन्या बाजारातली खुर्ची एकाच खोलीत नांदू द्या. याला 'इक्लेक्टिक' असं भारदस्त नाव आहे. आपण आपलं त्याला पंचमेळ म्हणू या. पंचमेळ भाजीसारखंच आहे हे. जमली तर पाहुणे दुसऱ्यांदा मागून घेतात, नाही जमली तर 'उरलंसुरलं एकत्र केलेलं दिसतंय' असं वाटतं. ही पंचमेळ सजावट चेट्टीनाडच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच अशी काही जमवून ठेवली आहे की बघत राहावं.

समुद्रापलीकडचा पैसा

चेट्टीनाड म्हणजे तमिळनाडूतल्या शिवगंगै आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांतल्या पंचाहत्तरेक गावांचा मुलूख. नाट्टुकोट्टै चेट्टियार, म्हणजेच नगरत्तार, या व्यापारी आणि सावकारी करणाऱ्या समाजाची ही गावं. एकोणिसाव्या शतकात यांच्या पेढ्या ब्रह्मदेश, सिलोन, मलाया इथवर पसरल्या. पेढीवरची माणसं तीन-तीन वर्षांच्या मुदतीनं परदेशी जात. बायका, मुलं, म्हातारी माणसं गावी. मिळवलेला पैसा मात्र समुद्र ओलांडून घरी येई, आणि घरातच ओतला जाई. कोरडा, उन्हानं रापलेला मुलूख, आणि त्यात एकामागून एक राजवाड्यांसारखी घरं! आपल्याकडे सधन गावात फार तर एक वाडा पाटलाचा आणि एक देशमुखांचा. इथे गल्लीच्या गल्ली वाड्यांची.

कारैकुडीजवळच्या कानाडुकातान गावात राजा अण्णामलै चेट्टियार यांचा वाडा आहे, 1912 साली पुरा झालेला. चिदंबरमचं अण्णामलै विद्यापीठ 1929 मध्ये स्थापन करणारे तेच हे. याच गावात एका चेट्टियारानं आपल्या लाडक्या लेकीसाठी बांधलेलं 'विशालम्' नावाचं घर आहे. आता तिथे हॉटेल चालतं. मुलासाठी घर बांधणारे बाप आपण पुष्कळ पाहतो. लेकीच्या नावानं उभं केलेलं घर पाहिलं की माहेरच्या आठवणीनं जीव हलतोच.

या घरांची मांडणी आपल्याला परकी वाटत नाही. रस्त्यालगत दोन्ही बाजूंना उंच ओटे, त्यांना तिथे 'तिण्णै' म्हणतात. मग दिवाणखाना, मग खांबांनी वेढलेला मोठा चौक, भोवती खोल्या. त्यामागे दुसरा चौक, जेवणावळींचा. त्याच्यामागे तिसरा, स्वयंपाकाचा. कित्येक घरं पुढच्या रस्त्यापासून थेट मागच्या रस्त्यापर्यंत लांबलेली. सगळे दरवाजे एका रेषेत, त्यामुळे पुढच्या उंबऱ्यात उभं राहिलं की नजर पार परसदारापर्यंत जाते आणि तिकडून येणारी वाऱ्याची झुळूक तोंडावर येते. पंखा नसतानाही चौकात गारवा! पावसाळ्यात छपराच्या पागोळ्या चौकात उतरतात. मोठमोठ्या पातेल्यांत ते पाणी धरून ठेवायची रीत होती.

एका घरात म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला आत घेतलं. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'आच्ची' म्हणतात. त्यांचं इंग्रजी आणि माझं तमिळ सारखंच तुटपुंजं, त्यामुळे बरंचसं संभाषण हातवाऱ्यांनी झालं. पण एक गोष्ट त्यांनी नीट समजावून दिली. पुढचा दिवाणखाना पुरुषांचा आणि पाहुण्यांचा. तिथले आरसे, झुंबरं सगळ्यांनी पाहिलेली. बायकांचा दिवस गेला तो मागच्या दोन चौकांत. तिथे झुंबर नाही. तिथे जातं, पाटा-वरवंटा, उखळ. लग्न झालेल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला चौकालगतची एक खोली येई, आणि तिच्यात सुनेनं माहेराहून आणलेलं सामान रचलेलं असे. पितळी हंडे, तांब्याची पातेली, डबे, चटया, टोपल्या, आणि पुढे पुढे स्टीलसुद्धा. डझनांनी नव्हे, शेकड्यांनी! त्या खोलीत माणसाला झोपायला जागा नसे. ऐकून मला कौतुक वाटलं आणि पोटात कालवलंही. इतकं सामान द्यावं लागणाऱ्या बापाची काय अवस्था होत असेल? घराच्या थाटाबरोबर हेही पाहून यावं.

सगळ्या देशांचं सामान, पण दुकान वाटत नाही

आता त्या पंचमेळाकडे वळू. खांब ब्रह्मी सागवानाचे, म्हणजे आताच्या म्यानमारमधले. काही काळेभोर, कवेत न मावणारे. काही ठिकाणी सिलोनचं सॅटिनवूड. जमिनीला इटालियन संगमरवर, भिंतीच्या खालच्या भागाला जपानी नक्षीच्या टाइल्स, दिवाणखान्यात बेल्जियमचे आरसे, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं लोखंडी काम, छताला कुठे रंगवलेलं लाकूड तर कुठे ठसे उमटवलेले धातूचे पत्रे. फडताळात स्वीडनची इनॅमलची भांडी. आणि दाराच्या चौकटीवर गजलक्ष्मी, अस्सल तमिळ सुताराच्या हातची!

भिंतीवर आपल्या ओळखीचंही कुणी भेटतं. राजा रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रं या घरांतून हटकून दिसतात. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे या पंचमेळात एक चिमूट महाराष्ट्राचीही आहे म्हणायची.

एवढ्या देशांचं सामान एका घरात, तरी ते जुन्या बाजारासारखं का दिसत नाही? मी दोन दिवस याचाच विचार करत हिंडले, आणि मला तीन कारणं सापडली.

पहिलं कारण भिंती. त्या पांढऱ्या, गुळगुळीत आणि जवळजवळ रिकाम्या असतात. शिंपल्यांचा चुना, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी, आणि वरच्या थरात अंड्याचा पांढरा बलक घालून हा गिलावा घोटत. (शाकाहारी मैत्रिणींनी नाक मुरडू नये!) शंभर वर्षांनीही त्यावर हात फिरवला तर आरशासारखा थंडगार लागतो. अशा शांत पार्श्वभूमीवर कितीही रंगाची वस्तू ठेवा, ती शोभते.

दुसरं कारण जोड्या. आरसा असेल तर समोरासमोर दोन. खांब असतील तर डावीकडे जितके तितकेच उजवीकडे. वस्तू परक्या, पण त्यांची बसण्याची शिस्त एक. पंगतीत नाना गावांचे पाहुणे असले तरी पानं एका रेषेत मांडली की पंगत देखणी दिसते, तसंच.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जमिनीवर काही नाही. एवढी श्रीमंती, पण चौकाची आणि ओटीची फरशी मोकळी. बसायला चटई अंथरायची, काम झालं की गुंडाळून ठेवायची. आपण मात्र दोन खोल्यांत सोफा, टीपॉय, शोकेस, कोपऱ्यात आणखी एक स्टूल असं करत करत चालायलाही जागा ठेवत नाही.

काचेवर घातलेली रांगोळी

कारैकुडीहून वीसेक किलोमीटरवर अथंगुडी हे गाव आहे. इथली फरशी साऱ्या चेट्टीनाडमध्ये प्रसिद्ध. आपण ज्याला जुन्या घरांतली 'नक्षीची फरशी' म्हणतो तोच प्रकार, पण हातानं केलेला, आणि आजही चालू असलेला. लहान लहान कारखान्यांत कुणीही उभं राहून बघावं. बघण्यासारखंच आहे.

आधी काचेचा चौकोनी तुकडा ठेवतात. त्यावर धातूची चौकट, आणि चौकटीत नक्षीचा जाळीदार साचा. साच्याच्या एकेका घरात पळीनं रंगीत सिमेंटचा घोळ ओततात, धिरड्याचं पीठ तव्यावर ओतावं तसा. पिवळा, विटकरी, हिरवा, काळा. साचा अलगद उचलतात. रंग एकमेकांत मिसळत नाहीत, हीच कारागिराची करामत! काही जण तर साचा न घेता नुसत्या पळीनं फुलं-पाकळ्या काढतात. वरून वाळू-सिमेंटचं कोरडं मिश्रण भुरभुरायचं, त्यावर ओला थर देऊन थापीनं सारखं करायचं. मग वाळवण, मग पाण्याच्या टाकीत मुरवण, मग पुन्हा ऊन. काच सुटून येते आणि खालून फरशीचा चेहरा बाहेर पडतो, काचेसारखाच चकचकीत. पॉलिशचं यंत्र लागत नाही, भट्टीही लागत नाही. म्हणजे आपण रांगोळी वरून बघत काढतो, हे लोक ती पालथी काढतात!

ही फरशी वापरानं आणखी उजळते. अनवाणी पायांनी चालावं, रोज ओल्या फडक्यानं पुसावी. पण एक लक्षात ठेवा. फरशी सिमेंटची असल्यामुळे आम्ल तिचं वैरी. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं तर लगेच पुसायचं, आणि फरशी साफ करायचं ॲसिड तिला चुकूनही दाखवायचं नाही. म्हणून ती स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ घालण्यापेक्षा बाहेरच्या खोलीत, गॅलरीत किंवा देवघरापुढे घालावी. सगळ्या घरात घालायची ऐपत नसेल तर खोलीच्या मधोमध सतरंजीएवढा चौकोन घालून बाकी साधी फरशी ठेवली तरी काम होतं. फरशी जड असते, तेव्हा वाहतुकीचा खर्च आधी विचारून घ्या.

एवढ्या लांबून आणणं नको असेल तर आपल्याकडेही हातानं बनणारी सिमेंटची नक्षीदार फरशी आहे. मुंबईत 1922 साली स्वदेशीच्या प्रेरणेनं सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी या फरशीसाठी नावाजलेली आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत, वाचनालयांत पायाखाली जी काळी-पांढरी, लाल-पिवळी नक्षी दिसते ती या जातकुळीची. तुमच्या घरात ती असेल तर तिच्यावर नवी टाइल चढवण्याआधी एकदा नीट घासून बघा. कदाचित नव्या टाइलचा खर्च वाचेल.

विकायला ठेवलेलं घर

कारैकुडीत मुनीश्वरन कोविल नावाचा रस्ता आहे. तिथे जुन्या वस्तूंची दुकानं रांगेनं लागलेली. इनॅमलचे डबे, काचेच्या बरण्या, पाट, समया, देवांच्या तसबिरी. हौशी बाईनं तिथे पर्स सांभाळून जावं! मीही खूश होऊन शिरले. पण दुकानाच्या मागच्या बाजूला गेल्यावर माझी हौस थोडी विरली. तिथे सागवानी खांब आडवे रचून ठेवले होते. गजलक्ष्मी कोरलेली दाराची अख्खी चौकट भिंतीला टेकवलेली होती. दार होतं, घर नव्हतं.

यामागची गोष्ट अशी. 1942 मध्ये जपानी फौजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या पेढ्या, जमिनी, येणी असं सगळं चेट्टियारांच्या हातून गेलं. पुढे तिथलं सरकार आलं आणि उरलेलंही गेलं. माणसं मद्रासला, परदेशी, नोकरी-धंद्यासाठी पांगली. एकेका घराचे वाटेकरी इतके झाले की डागडुजीचा खर्च कुणी करायचा यावरच एकमत होईना. काही घरं फक्त लग्नकार्याला आणि कुळाचाराला उघडतात, एरवी राखणदाराच्या भरवशावर असतात. काही हॉटेलं झाली, म्हणून जगली. आणि काही पाडली गेली. त्यांचे खांब, दारं, आरसे मोठ्या शहरांतल्या बंगल्यांत आणि हॉटेलांत जाऊन बसले. 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत चेट्टीनाडच्या गावांचं नाव गेलं आहे, पण यादीत नाव जाणं आणि छपराची कौलं वेळेवर बदलली जाणं यांत बरंच अंतर असतं.

त्या दुकानात मी एक पितळी डबा हातात घेतला. झाकणावर तमिळ अक्षरं कोरलेली होती. दुकानदारानं सांगितलं की ती घराण्याची आद्याक्षरं. मला आपल्या भांड्यांवरची नावं आठवली, 'चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मामाकडून'. आपल्या आईच्या नावाचा डबा कुठल्यातरी परक्या हॉटेलात फुलदाणी म्हणून ठेवलेला पाहिला तर आपल्याला काय वाटेल? मी तो डबा जागेवर ठेवला आणि बाहेर आले.

जुनं घेऊच नये असं मी म्हणत नाही. घर मोडलंच असेल तर डबा भंगारात वितळण्यापेक्षा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात डाळ भरून राहिलेला बरा. पण खांब आणि चौकटी यांचं गणित निराळं आहे. दिवाणखान्यात नुसता शोभेला उभा करायला खांब हवा म्हणून गिऱ्हाईक येतं, किंमत चढते, आणि मग उभं घर पाडणं फायद्याचं ठरतं. त्यापेक्षा आज काम करणाऱ्या हातांकडून घ्या. अथंगुडीची फरशी घ्या. कारैकुडीची कंडांगी साडी घ्या, जाड सुती पोत, चौकडा आणि रुंद काठ. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ताडाच्या पानांच्या 'कोट्टान' टोपल्या घ्या. पूर्वी आच्ची मंडळी फावल्या वेळात त्या विणत. ही कला मागे पडत चालली होती, ती विशालाक्षी रामस्वामी यांच्या संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून पुन्हा उभी केली. हळदीकुंकवाच्या वाणाला यापेक्षा देखणी वस्तू कोणती?

आपल्या वाड्यांचं काय?

हे सगळं तमिळ मुलखातलं म्हणून सोडून देता येत नाही. सातारा, वाई, नाशिक, सांगली, पुणे, कुठेही पाहा. वाडे पडताहेत, इमारती उठताहेत. पडू नयेत असं म्हणणं सोपं आहे. गळक्या छपराखाली बादल्या मांडत ज्यांनी पावसाळे काढले आणि रात्री-अपरात्री चौक ओलांडून ज्या मोरीवर गेल्या, त्या बायकांना फ्लॅट हवासा वाटला तर त्यांचं काय चुकलं? पण वाडा पडताना त्यातलं काय ठेवायचं, हे ठरवायला सहसा पुरुषमंडळी आणि ठेकेदार बसतात. शिसवी खांब ठेकेदाराच्या हिशेबात जातो, आणि बाईनं रोज हात लावलेल्या वस्तूंचा हिशेब कुणीच मांडत नाही.

तेव्हा तुमच्या सासरी-माहेरी वाड्याची बोलणी चालू असतील, तर करारावर सह्या होण्याआधी एक दिवस वही-पेन्सिल घेऊन घरभर फिरा. काय ठेवायचं ते लिहून काढा. माझी यादी अशी होईल:

मुख्य दाराची चौकट, निदान गणेशपट्टी. नव्या घराच्या दारावर बसवता येते.
तुळयांचं लाकूड. त्याची जेवणाची मेजं, देवघर, झोपाळ्याची फळी होते, आणि नव्या लाकडापेक्षा ते कमी वाकतं.
नक्षीची किंवा शहाबादी फरशी. अखंड निघेल तेवढी गॅलरीत घाला.
नाव कोरलेली भांडी. शोकेसमध्ये न ठेवता वापरात ठेवा.
जातं किंवा पाटा, एकच. तुळशीजवळ ठेवा.

याहून जास्त नको. सगळंच ठेवलं तर नव्या घराचं कोठार होईल. आणि ठेवाल त्या वस्तू मांडताना चेट्टीनाडचा नियम पाळा. भिंत शांत, मांडणीला शिस्त, जमीन मोकळी. शिवाय एक करा. दारं-खिडक्या एका रेषेत असतील तर त्या रेषेत कपाट उभं करू नका. आपल्या दोन खोल्यांतूनही वारा पुढून मागे जाऊ द्या.

जाणार असाल तर

डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. उन्हाळ्यात जाऊ नये. मदुरै किंवा तिरुचिरापल्लीपर्यंत जाऊन पुढे गाडी करावी. तिरुचिरापल्ली-कारैकुडी मार्गावर 'चेट्टीनाड' याच नावाचं छोटं स्टेशनही आहे. पहिला दिवस कानाडुकातान आणि अथंगुडीला द्या. अथंगुडीचं लक्ष्मी हाऊस तिकीट काढून बघता येतं, आणि फरशांचे कारखाने गावातच आहेत. दुसरा दिवस कारैकुडीला. तिथलं हजार खिडक्यांचं घर, 'आयिरम् जन्नल वीडु', बाहेरून पाहिलं तरी पुरे. राहती घरं खाजगी आहेत, तेव्हा आधी विचारावं, चपला बाहेर काढाव्यात, परवानगीवाचून फोटो काढू नयेत, आणि राखणदारानं घर उघडून दाखवलं तर त्याच्या हातावर काहीतरी ठेवावं.

आणि ते देऊळ! कारैकुडीजवळ पिळ्ळैयारपट्टीला खडकात कोरलेला गणपती आहे, कर्पग विनायक. दोनच हात, आणि सोंड उजवीकडे. नगरत्तारांच्या नऊ कुलदेवळांपैकी हे एक. आपल्या अष्टविनायकांचा हा लांबचा भाऊ बघितल्याशिवाय तिथून निघू नका.

वाड्याची ती यादी मात्र सहलीहून आल्यावर करू असं म्हणून लांबणीवर टाकू नका. बोलणी झाल्यावर घरातल्या बाईचं मत विचारलं जाईलच असं नाही. ते आधीच, सगळ्यांच्या देखत सांगून ठेवा.